कपिलधारच्या ओल्या कातळापाशी

दसऱ्यानंतरचा सोमवार

आज अक्कासोबत कपिलधारला गेले. उद्या ती न् भाऊजी ऊसतोडीला निघणार, म्हणून तिला दर्शन घ्यायचं होतं. मी देव मानत नाही. ती देवळात गेली, मी धबधब्यापाशी थांबले.

दुष्काळानं धार आटलीय, नुसते थेंब गळतात. पण कातळाच्या फटीत नेच्याचं एक पान हिरवंगार होतं. थेंब पडला की हलायचं. बघता बघता डोळे भरून आले. दूध सोसायटीतली रोजची भांडणं, सगळं विसरले. ही भक्तीच का? पण मग कुणाची?

अक्का बाहेर आली. माझे डोळे बघून म्हणाली, "काय मागितलंस गं?"

"काही नाही. कचरा गेला डोळ्यात."

"आमी आता लई दिवस न्हाई भेटणार. मनातलं सांग की."

मी हसून टाळलं. ती पुढं चालू लागली.

का टाळलं मी? ते पान तिला नुसतं दाखवलं असतं, तरी पुरलं असतं.

राहवेना म्हणून संध्याकाळी तिच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मुकादमाचा ट्रॅक्टर आजच आला. लई वाट बघितली तुजी."