कलीमचा कान

कनेरगाव नाका,
दुपारचे दोन

प्रिय कलीम,

चार महिने झाले. रोज ठरवतो की आज कलीमला लिहायचंच, आणि रोज काहीतरी निघतं. एकदा वही मिळाली तर पेन नाही. पेन आणलं तर समोर एक बारा चाकी ट्रक येऊन थांबला, त्याच्या मागच्या फळीवर काय काय रंगवलंय ते वाचण्यातच माझा अर्धा तास गेला. पण पेनाचा काही दोष नाही, मीच टाळून राहिलो होतो. फोन का केला नाही म्हणशील. तर मला तू ओळखतोस. व्हॉइस मेसेज करायला घेतला की पाच वेळा पुसतो, आणि सहाव्यांदा जो जातो त्यात मी नसतोच. कागदावर खोडलं तर निदान खोडलेलं तुला दिसेल.

आपलं हिंगोलीकडचं गोरेगाव सोडल्यावर आधी नांदेड, मग एका ट्रकवर क्लीनर म्हणून नागपूर, तिथून परत फिरत फिरत इथं. नागपूरच्या वाटेवर एक ड्रायव्हर भेटला, तो नुसत्या टायरच्या आवाजावरून हवा किती कमी आहे ते सांगायचा. तुझी लई आठवण आली. ते असो, त्याच्यावर लिहायला लागलो तर हे पान संपेल. सध्या इथं जमनाबाईच्या ढाब्यावर आहे. पाण्याची टाकी भरतो, टेबलं पुसतो, आणि गाडी थांबली की हातातलं काम तसंच ठेवून बॉनेटपाशी जाऊन उभा राहतो. जमनाबाई गिऱ्हाइकांना सांगते, "इंजिनाला कान लावून बसतंय हे पोरगं, जसं काही त्याच्या पोटात लेकरूच हाय." लोक हसतात. मीही हसतो. पण मला त्या आवाजातलं काहीच कळत नाही रे. कधीच कळलं नाही. कान तुझा होता, माझ्याकडं फक्त मोबाईल होता.

आपला पहिला व्हिडिओ आठवतो का? तुमच्या घरच्या गॅरेजमध्ये, चाचांनी दुरुस्तीला घेतलेल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डला मोबाईल सुतळीनं बांधला होता. सगळ्या आवाजाचा वारा झाला. मग तुझ्या बहिणीचा, उझ्माचा लोकरी मोजा आणून माइकवर चढवला, तर हाजराबी चाची म्हणाल्या, "काय रे, सर्दी झाली का तुमच्या माइकला?" दोनशे बारा लोकांनी पाहिला, त्यातले निम्मे आपणच होतो. तरी मी त्या दिवशी जेवलो नाही, नुसता आकडा बघत बसलो.

मग तू तुझा कायदा घातलास. विकायला काढलेली जुनी गाडी दाखवायची तर आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर व्हिडिओ नाही, कारण मालकानं आपण यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली, म्हणजे त्याला काहीतरी लपवायचं आहे. गाडी थंड पाहिजे, पहिला सेल्फ लोकांसमोर मारायचा, आणि त्या पहिल्या आवाजावर एक शब्द मी बोलायचा नाही, एक सूर वाजवायचा नाही. मी किती भांडलो! म्हटलं, लोक सात सेकंदांत पुढं सरकतात, खाली ढोलकी तरी टाकू. तू म्हणालास, "अबे धम्म्या, गाडी बोलून राहिली ना. तू काहून बोलतो?" आणि ऐकून झालं की मान हलवून तू म्हणायचास, "बराबर हाय." बस्स. त्या दोन शब्दांवर आपलं चॅनल उभं राहिलं. सेनगावच्या बाजारात लोक तुला थांबवायचे, "ते बराबर हायवालं पोरगं तूच का?" तुझे कान लाल व्हायचे. तू न बोललेला व्हिडिओ टाकला की खाली शंभर जण विचारायचे, कलीमभाई काय म्हणले?

आता ज्याच्याभोवती मी चार महिने फिरून राहिलो, ते लिहितो.

हिंगोलीत जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या हरिचंदशेठच्या मैदानातली पांढरी पिकअप. जुम्मा होता. बॉनेट थंड होतं, सगळं नेहमीसारखं. सेल्फ मारला आणि तू बराच वेळ वाकून राहिलास. मग कॅमेऱ्याकडं तोंड करून सरळ सांगितलंस, "हिला ठोका येऊन राहिला. खालची बेअरिंग गेली हाय. घेणाऱ्यानं आधी इंजिन खोलून पाहावं." एवढं बोलून तू नमाजला गेलास. शेठनं मला सावलीत नेलं, उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "असंच दाखवायचं असंल तर दुसरं मैदान बघा. माझ्या गाड्या तुमाला न्हाईत." हिंगोलीत आपल्याला दुसरं कोणी गाड्या देत नव्हतं. आठवडाभर व्हिडिओ गेला नाही की चॅनल कसं खाली बसतं, ते मला माहीत होतं. तुला ती तकलीफ कधी नव्हतीच, तू आपले व्हिडिओ बघायचा नाहीस. आपलाच आवाज ऐकून लाज वाटते म्हणायचास.

मी तुझं वाक्य कापलं. आदल्या आठवड्यातल्या जीपवरचं "बराबर हाय" उचललं आणि तिथं बसवलं. अंगात तुझा तोच गॅरेजचा निळा शर्ट होता, जोड दिसलासुद्धा नाही. पिकअपचा आवाज काढून खाली त्या जीपचा आवाज टाकला. सफाईनं केलं, ह्याचा तेव्हा अभिमानच वाटला, हेही लिहितो. तो व्हिडिओ लाखावर गेला. तुला मी कचोरी खाऊ घातली आणि तू विचारलंस, "काहून रे, आज एवढा खूश?"

सिद्धेश्वरच्या नरसिंगभाऊनं चार दिवसांत ती पिकअप घेतली. भावांबरोबर सामाईक असलेली होडी विकून घेतली, धरणातली मासळी स्वतःच बाजारात न्यायची म्हणून. विसाव्या दिवशी औंढ्याच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. मे महिना. सगळी मासळी तिथंच नाल्यात टाकावी लागली. तो गॅरेजला आला तेव्हा ओरडलासुद्धा नाही. त्यानं मोबाईल तुझ्यापुढं धरला आणि तू आपला व्हिडिओ पहिल्यांदा पाहिलास. स्वतःच्याच तोंडातून ते दोन शब्द ऐकलेस. मग वर पाहिलंस, एकदाच, माझ्याकडं. मी पाना पुसत होतो. चांगला स्वच्छ होता तो, तरी पुसत होतो.

आणि तू त्याला म्हणालास, "माझा कान चुकला, नरसिंगभाऊ."

चाचांनी मान खाली घातली. नरसिंगभाऊ म्हणाला, "पैशाचं ऱ्हाऊ द्या. आमी तुमच्या कानावर इसवास ठेवला होता." तो गेल्यावर मला वाटलं आता तू मारशील. मी वाट पाहत होतो रे. तू फक्त म्हणालास, "चहा घे. थंड होऊन राहिला." दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी निघालो.

गोरेगावची खबर मला सद्दामकडून मिळते, त्याची जीप इथं थांबते ना. तो म्हणतो, पोरं तुला बघून "बराबर हाय" ओरडतात आणि पळतात. लोक ट्रॅक्टर सेनगावला नेतात. हे मी ऐकून घेतलं. पण मागच्या आठवड्यात तो म्हणाला की तू बसवलेला नट आता चाचा दुसऱ्यांदा आवळून बघतात. तू समोर उभा असताना. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. ज्या बापानं तुला दहाव्या वर्षी इंजिनावर कान ठेवायला शिकवलं, त्याला वाटून राहिलंय की आपल्या पोराचा कान गेला. आणि तू त्यांनाही सांगितलं नाहीस!

पत्र काहून लिहितो ते ऐक. तुझं खरं बोलणं माझ्याकडं आहे, पुढंमागं काही न कापता, एक मिनिट चाळीस सेकंद. ते मी आज संध्याकाळी सहाला टाकणार आहे, आणि मी काय केलं ते त्याच्यापुढं माझ्या तोंडानं सांगणार आहे. हे पत्र सद्दामच्या चारच्या जीपनं देतो, म्हणजे तुला आधी मिळेल. माफी मागायला लिहिलं नाही, ती कुठल्या तोंडानं मागू? एकच मागतो. उद्या लोक गॅरेजला येतील, तुला विचारतील. तेव्हा मला वाचवू नको. न्हाई न्हाई, माझाच कान चुकला, असं म्हणू नको. तू म्हणशील, मला माहीत आहे. गप्प बस. चाचांना मात्र हे पत्र आधी दाखव, लोकांच्या मोबाईलवर दिसायच्या आत.

आणि थांब. एवढं लिहिलं तोवर ढाब्यापुढं एक पिकअप येऊन लागली, बर्फाच्या पेट्यांतून पाणी गळून राहिलंय, मासळीचा वास इथवर येतोय. वाशीमला माल घेऊन निघालेली दिसते. गाडी दुसऱ्या कुणाची तरी आहे, दारावर वेगळंच नाव आहे. पण चालवणारा खाली उतरला आणि टाकीपाशी तोंड धुऊन राहिला, तो नरसिंगभाऊ आहे. त्यानं मला अजून ओळखलं नाही. जमनाबाईला त्यानं चहा सांगितलाय, आणि चहा नेऊन द्यायचं काम माझं आहे. मोबाईल घेऊन मी उठतो.

तुझाच,
धम्मानंद