विटेचा शेक

अण्णा, तुम्ही असतात तर हे बोलायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता मात्र ऐकाच. "तुझ्या विटेनं माझा पाय खाल्ला," असं तुम्ही आईला शेवटपर्यंत ऐकवलंत. पाहुण्यांसमोर, भरल्या ताटावर, माझ्या बारावीचे पेढे खाताना सुद्धा! ती खाली मान घालून वाढत राहायची.

त्या दिवशी स्कूटर घसरली, गुडघा निखळला आणि तुम्हीच तो हिसका देऊन बसवलात. संध्याकाळपर्यंत पोटरी टणक झाली, पाऊल गार, पांढरंफटक. आई म्हणते, "अहो, रिक्षा बोलावते, दवाखान्यात जाऊ." तुम्ही खेकसता, "मुका मार आहे, उद्या बघू. शेक दे." तुमच्या शब्दापुढे कोण जाणार? तिने वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि शेकत बसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटलीय, फार उशीर केलात. पाय मांडीपासून कापावा लागला. उशीर कुणी केला, हे तुम्ही कधी तोंडातून काढलं नाहीत.

इथे जर्मनीत, हॅनोव्हरच्या लॅबमध्ये मी हेच शिकते, रक्त अडलं की स्नायूंचं काय होतं ते. परवा माझ्याच मांडीला पट्टा आवळून घेतला, पोटरीवर सेन्सर लावला. स्क्रीनवरची प्राणवायूची रेघ बघता बघता खाली आली. पट्टा सोडला, पायाला मुंग्या आल्या, रेघ वर गेली. तुमची पोटरी तर वीट तापायच्या आधीपासून गुदमरत होती! तरी मी आमच्या प्रोफेसर बाईंना विचारलं, असा गार पाय शेकला तर? त्या म्हणाल्या, "स्नायू गरम झाला की त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि तो तर येतच नाही. आल्झो, तेव्हा शेकायचं नाही."

रविवारी वोनहाइमच्या, म्हणजे आमच्या होस्टेलच्या, जिन्यात उभी राहून फोनकार्डावर आईशी बोलत होते. मध्येच तिने विचारलं, "तू तेच शिकतेस ना? मग खरं सांग, माझ्यामुळे गेला का गं त्यांचा पाय?"

"नाही," मी म्हटलं. "रक्तवाहिनी फाटली होती आणि अण्णांनी उद्यावर ढकललं. तुझा काही संबंध नाही."

ती रडली. मग म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं.

बाईंचं उत्तर तिला सांगितलं नाही, सांगणारही नाही. हे पत्र कुठे पाठवता येत नाही, ते एका परीने बरंच आहे. तुमच्या हाती पडलं असतं, तर यातलं तेवढंच एक वाक्य तुम्ही तिला वाचून दाखवलं असतंत.