पुरणपोळी टाकून उठल्याचा खुलासा

उधना, मंगळवार

श्री. पंडितराव यांस शालिग्रामचा रामराम. गुडघे बरे असतील, वहिनींची शुगर ताब्यात असेल. माझी तब्येत विचारू नका, विचारायला तुम्हांला तोंड राहिलेलं नाही. (फोन केला असता, पण दातांशिवाय बोललो तर कळत नाही आणि दात घालून बोलवत नाही.)

रविवारी पर्वत पाटियाला तुमच्या घरी आमच्या नूतनची, तुमच्या नातवाशी, सुपारी फुटायची होती. मी ताटावरून न बोलता उठलो, म्हणून काल तुम्ही आपल्या मध्यस्थ छगनबरोबर निरोप धाडलात की मुलीचा आजा माजोरी आहे, सोयरीक मोडली समजा. वा रे वा! अहो, आमच्या पोराने, चेतनने, म्हातारा पाहुण्यांत बोळका दिसू नये म्हणून, शनिवारीच मला नवी कवळी बसवून आणली. डॉक्टरने केम छो काका म्हणत ते कडक प्लास्टिक जबड्यात कोंबलं आणि वर सांगतो, कवळी लाळेवर टिकते, तुमचं तोंड बीपीच्या गोळ्यांनी सुकलंय, थोडं घासेल. थोडं? हिरड्या सोलून निघाल्या! नाहीच सोसलं तर आतून मऊ अस्तर लावू म्हणे, आणि घोट घोट पाणी पीत जा. मेल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं? चाळीस वर्षं लूम चालवले मी, अस्तर कोटाला असतं एवढंच मला ठाऊक.

तुमच्याकडे पहिलाच घास घेतला आणि वरचे दात पोळीत रुतले. तोंडात थेंब लाळ नाही, पुरण टाळूला चिकटलेलं. तोंड उघडावं तर दात ताटात, आणि समोर नवरामुलगा दीपक. रुमाल लावून उठलो तो थेट रिक्षात बसलो.

पण तुम्ही? पाहुणा उठून चाललाय आणि यजमान ओठ मिटून नुसती मान हलवतो! ‘बसा’ म्हणायला काय जात होतं? ही कुठली रीत? मला राग याचाच आहे. नूतन रविवारपासून धड जेवलेली नाही. पोरीला तुमचा दीपक मनापासून आवडलाय, तिच्या वाटेत माझे दात का आणता?

आपला (तुम्ही काहीही म्हणा) सोयरा,
शालिग्राम

ता. क. आमच्या सौ. सुभद्राबाईने हे वाचलं आणि म्हणाली, “त्यासना बी दात नवाच दिखतस.” वहिनी म्हणे तुमची पोळी दुधात कालवून देत होत्या, आणि तुम्हीही घास न घेता रुमाल धरून बसला होतात. खरं सांगा पंडितराव, म्हणून बोलला नाहीत का?

ता. क. तसं असेल तर गुरुवारी या, दोघांनाही अस्तर लावून घेऊ. छगनला कळू देऊ नका. सुपारी पुन्हा ठरवा, आणि वहिनींना सांगा, आपल्या दोघांपुरती खिचडी टाका.