जांघेवरचा नकाशा

तीर्थरूप दादास,

पाया पडते. देवाच्या कृपेने इथे आम्ही दोघं बरे आहोत, तुमचीही खुशाली कळव. वहिनीचा खोकला गेला का? पत्र पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. मागे गिऱ्हाइकांची मापं आहेत, ती वाचत बसू नकोस.

यांचं ऑपरेशन झालं. आम्ही सगळ्यांना ‘गुडघ्याचं’ म्हणून सांगितलं होतं, पण गुडघा ठणठणीत आहे. दुखत होती ती जांघ. (थोरल्या भावाला बहिणीने असलं लिहू नये हे मला कळतं. तरी लिहिते.) सहा वर्षांपूर्वी यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, टाके भरून आले आणि महिन्याभरात त्याच जागी कळ सुरू झाली. उठताना यायची, शिंकताना यायची, आणि शिलाई मशीनचं पायडल मारलं की हमखास यायची. आता शिंप्याने पायडल मारायचं नाही तर करायचं काय? गेल्या वर्षी तर दहा मिनिटं मशीन चाले आणि अर्धा तास हे आडवे. दुकानाचं शटर दुपारी बारालाच खाली यायला लागलं. हात शाबूत, नजर शाबूत आणि माणूस कामातून जाणार, ही माझी धास्ती.

त्यात यांचा स्वभाव. तीस वर्षं या माणसाने परक्या पुरुषांच्या त्याच जागेपाशी टेप धरली (पँट दुसरी कशी शिवणार?), पण स्वतःची जागा डॉक्टरला सांगायची वेळ आली की तोंडातून ‘गुडघा’च निघे. एका डॉक्टरने गुडघ्याचा फोटो काढला, दुसऱ्याने गुडघ्याला पट्टा दिला, तिसऱ्याने गुडघ्यात सुई टोचली. गुडघ्याने काही तक्रार न करता सगळं सोसलं.

मी मॅट्रिक झालेली बाई, मला वैद्यकीतलं काय कळणार, पण नोंद ठेवणं कळतं. अर्ध्या कोऱ्या वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, काय करताना, किती मिनिटं आणि कुठे. शेवटचा रकाना हे भरू देईनात. तो मी भरला आणि वही नव्या सर्जनबाईंपुढे ठेवली. (डॉक्टर बाई आहेत म्हटल्यावर हे दारातूनच परतणार होते, पण मागे मी उभी होते.) बाईंनी तीन महिन्यांच्या नोंदी वाचल्या, एका जागी बोट दाबलं आणि हे देवाचं नाव घेत टेबलावरून वीतभर वर उडाले. जुन्या जखमेच्या वणात नस अडकली होती. बधिर करायचं इंजेक्शन देऊन पाहिलं, तर चार तास हे तरण्याताठ्यासारखे जिने चढत-उतरत होते. मग ठरलं, नस सोडवायची, नाही सुटली तर कापायची.

आदल्या दिवशी बाईंनी पेनाने यांच्या कातडीवर नकाशा काढला. दुखतं तिथे लाल, बधिर तिथे निळा, बरं आहे तिथे हिरवा. त्याच्यावरून सकाळी आठला चिरा घ्यायचा होता. ‘तिथे पाणी लावू नका,’ असं यांना बजावलं होतं. यांनी ते मला सांगितलं नाही, कारण ‘तिथे’ म्हणजे कुठे, ते सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी मी यांना अंघोळीला बसवलं. देवाच्या भरवशावर त्या टेबलावर जायचं, ते काय पारोसं जायचं? यांना वाकता येत नाही, म्हणून घासायचं काम माझ्याकडे. यांच्या तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, दवाखान्यात कुणीतरी पेनाचे फराटे मारलेत. अंगाच्या साबणाने ते जाईनात. मग कपड्यांच्या साबणाचे उरलेसुरले तुकडे दाबून मी जो गोळा करून ठेवते, तो काढला. ‘हळू, तिथे दुखतं,’ हे म्हणाले. ‘तिथेच तर मळ आहे,’ मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, डाग निघाल्यावर मला फार बरं वाटलं.

यांनी डोळे पुसून खाली पाहिलं. म्हणाले, ‘नकाशा गेला.’

कसला नकाशा ते कळल्यावर मी देवापुढे बसून रडून घेतलं आणि वही आणली. कधी नव्हे ते यांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं, इथे कळ, इथे मुंग्या. मी नोंदींशी ताडून पाहिलं, यांनी दुकानातल्या पेनाने रेघ ओढली. सहा वर्षांत ती जागा आम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदाच नीट पाहिली.

सकाळी बाईंनी चादर बाजूला केली आणि चष्मा वर सरकवला. ‘हे माझं नाही. मी तुटक रेघा काढत नाही. आणि ही अर्धा इंच बाहेरून दुसरी रेघ कसली?’

‘माया सोडलीय,’ हे म्हणाले. ‘पुढेमागे उसवायची वेळ आली तर कमी पडायला नको.’

नर्स भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी झालं ते सगळं कबूल केलं. बाईंनी पंचवीस मिनिटं चिमटे काढून नवा नकाशा काढला. त्यांच्या आणि आमच्या नकाशात फक्त बोटभर फरक होता. तेवढ्या फरकाने कुठली नस गेली असती, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलंही, पण ते मी इथे लिहीत नाही.

आज सहा आठवडे झाले. तळहाताएवढी जागा बधिर आहे, ती तशीच राहील म्हणतात. जिना चढताना कधीमधी टोचतं. पण सोमवारी हे मशीनवर बसले, एक उशीचा अभ्रा शिवला, मग दुसरा, आणि जेवायला तीन हाका मारल्या तरी उठेनात. मी चौथी मारली नाही.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. : यांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, ‘इतकं उघड कशाला लिहायचं?’ मी म्हटलं, दादाचा संकोच जायला हवा.

ता. क. दुसरा : वहिनीने मला गुपचूप लिहिलं आहे. वर्ष झालं, तू टेबल धरून उठतोस, शिंक आली की आधी भिंत शोधतोस, आणि विचारलं तर कंबर सांगतोस. येत्या गुरुवारी साडेदहाला बाईंकडे तुझा नंबर लावला आहे. कुठे दुखतं ते मी त्यांच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून आले आहे, तुला तोंड उघडावं लागणार नाही. तू फक्त ये.