मागच्या पडवीतलं बाक

सोम. ८ फेब्रुवारी १९३२
ह्यांनी हॉटेलात नव्या खुर्च्या आणल्या. पाठीच्या. "माणूस टेकून बसला की दुसरा चहा मागतोच," म्हणाले. खरंच आहे, दुपारी माणसं उठेनात.
मागच्या दारी मात्र गिरणीतल्या बायका उभ्यानेच चहा घेतात. पुढे पुरुषांत कशा येणार? त्यांतली गंगू आज भिंतीला कपाळ टेकून होती. पोटुशी आहे. "बस की गं," म्हटलं. "कुटं बसू, वैनी?"


गुरु. ११ फेब्रु.
खुर्च्या आल्याने एक जुनं बाक रिकामं होतं. ते मागच्या पडवीत घेतलं, पुढे गोणपाटाचा पडदा. हे म्हणाले, चार दिवस बघू.
गंगू बसली. पाय लांब केले. "दिसभर हुबी आस्ते वैनी. पाय हायती का न्हाईत त्येबी कळंना." डोळे मिटून चहा प्यायली.

मंगळ. १६ फेब्रु.
आता पाचसहा जणी येतात. शांता मुकादमाची नक्कल करते. आज मीही त्यांच्यात टेकले. लग्नाला नऊ वर्षं झाली, आमच्या हॉटेलात बसून चहा आज पहिल्यांदा प्याले.
गंगूला सातवा महिना. आधीची दोन राहिली नाहीत. "ह्यो ऱ्हाईल असं वाटतंय," म्हणाली.

सोम. २२ फेब्रु.
नेहमीचे कचेरीतले लोक कुरकुरतात. पडद्याआडून हसणं ऐकू येतं म्हणे. एकाने ह्यांना तोंडावर विचारलं, "हॉटेल चालवता की बायकांचा अड्डा?" जेवताना हे गप्प होते. मीही.
तेव्हाच बोलायला हवं होतं.

बुध. २४ फेब्रु.
बाक काढलं. हे म्हणाले, "जरा हात लाव." दुसरं टोक मीच धरलं.

गुरु. २५ फेब्रु.
बायका आल्या. रिकाम्या पडवीकडे पाहिलं.  गंगूने उभ्याने चहा घेतला. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी, आमाला सवय हाय."

शुक्र. ४ मार्च
गंगू मागच्या दारात कोसळली. कप हातातच. चुलीपाशी आडवी केली, कांद्याचा वास दिला. ह्यांनी खुर्ची आणली, तिच्यात बसवून चौघांनी टांग्यापर्यंत नेली. पुढच्या लोकांनी वाट दिली. तो कचेरीवालाही उभा राहिला.

रवि. ६ मार्च
शांता आली होती. मुलगा झाला. संध्याकाळपर्यंत होता.
ह्यांना सांगितलं. ताट सारून उठले.

रवि. १३ मार्च
गंगूच्या खोलीवर गेले. तूप, डिंक नेलं. भिंतीकडे तोंड करून निजली होती. मला पाहून उठायला लागली, उठू दिलं नाही.
म्हटलं, "गंगू, बाक मीच उचललं गं. ह्यांच्या बरोबरीने."
ती पुन्हा भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "बाकानं काय झालं आसतं, वैनी?" 
ती मला समजावत होती की खरंच विचारत होती? परतताना सारखं तेच.  
गिरणीतून तिचं नाव काढलं. नवरा तिला मोडनिंबला माहेरी सोडणार.

गुरु. १७ मार्च
ह्यांना म्हटलं, पडवीत बसायला जागा करू. "आता ती कुठे येणारे?" म्हणाले. 
बाकीच्या येतात की! आज शांताच्या मागे एक नवी पोर उभी होती. गंगूच्या जागेवर लागलेली. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

शुक्र. १८ मार्च
आज सकाळी हॉटेलची चूल पेटवली नाही. हे आतल्या दारात आले, "बरं नाही का?" म्हणाले. "बरी आहे," म्हटलं. "पडवीत बाक येईल तेव्हा पेटवीन." ह्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. 
"अगं, गिऱ्हाईक बसलंय."
"बसू दे."
हे दारातच उभे राहिले. पुढून चहासाठी हाका सुरू झाल्या. हे आत आले नाहीत, पुढेही गेले नाहीत.