रेडिएटरवरचा हार

आबा, वरकुट्याचा तो छोटा ट्रॅक्टर परवा माझ्या गॅरेजात आला. डाळिंबाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा, ज्याला तुम्ही शिंगरू म्हणायचात, तोच. रंग पार उडालाय, सीटच्या जागी गोणपाट बांधलंय, मागचा माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर मात्र अजून तुम्ही बसवलेलाच आहे. तेव्हाच्या मालकाचा मुलगा घेऊन आला. वडील वारले म्हणाला. दारात नवा मोठा ट्रॅक्टर उभा आहे, पण तो बागेत शिरत नाही, म्हणून याला पुन्हा चालता करायचाय. तो बोलत होता, आणि माझं लक्ष इंजिनाच्या हेडखाली दिसणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषेवर होतं.

तुमची शेड आठवते. माळेगावच्या कारखान्यातलं काम सोडून तुम्ही इंदापूर रस्त्याला लिंबाखाली ती टाकलीत आणि फक्त बागेतले छोटे ट्रॅक्टर घ्यायला लागलात. त्यातले बरेचसे असे, की ते बनवणाऱ्यांनी बनवणंच बंद केलेलं. सुटा भाग मिळत नाही म्हणून लोक भंगारात काढायला निघाले की तुम्ही म्हणायचात, "कंपनी बंद पडली म्हून काय मशिननं बी जीव द्यायचा व्हय?" मी कऱ्हाटीहून तुमच्याकडे कामाला आलो तेव्हा विशी उलटली होती, लग्न झालं होतं, पाना हातात धरता येतो एवढीच घमेंड होती. पहिल्याच दिवशी मी हेडचे सगळे बोल्ट एका डब्यात टाकले. तुम्ही डबा उचलून हलवलात. "भेळ करतुयास का? कांदा चिरू?" मग पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून, जिथं बोल्ट तिथं भोक पाडून, प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात उभा करायला शिकवलंत. ज्या घरातनं आला त्याच घरात गेला पाहिजे, एवढंच म्हणालात. मी आजही पुठ्ठा वापरतो. हल्लीची पोरं मोबाइलवर फोटो काढतात, तरी मी पुठ्ठाच देतो.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची ती खंडेनवमी. शिंगराचं इंजिन आपण नुकतंच बांधून पुरं केलं होतं. सकाळी पाने, हातोड्या, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलं, शेडमधल्या तिन्ही ट्रॅक्टरांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. झेंडूचे हार मीच ओवले होते, चांगले मनगटाएवढे जाड, मध्ये आंब्याची पानं. शिंगराच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर, तो हार असा भरून बसला की मला स्वतःलाच बघत राहावंसं वाटलं. तुम्ही बहिणीकडे जायला निघालात आणि जाताना बजावलंत, "उद्या मालक न्यायला यील. त्याच्याआधी पुढचा हार काढून स्टेरिंगला बांध. देवाला बी वारा लागतुय आन् रेडिएटरला बी."

मी तो काढला नाही. विसरलो असंही नाही, आबा. आम्ही मूळचे मेंढपाळ; मेंढरं कधीच गेली होती, पण देवाच्या पद्धती राहिल्या होत्या. वाहिलेला हार वाळेपर्यंत उतरवायचा नाही, ही त्यातलीच एक. दसऱ्याच्या दिवशी मालक आला, पुढं हार बघून खूश झाला, मी हात लावला नाही. ट्रॅक्टर तसाच गेला. मनात म्हटलं, देवाचं फूल इंजिनाचं काय वाईट करणार. दुपारी तुम्ही परत आलात आणि चपला काढायच्या आधी विचारलंत, "हार काढला हुतास न्हवं?" मी म्हणालो, "व्हय आबा." तेव्हा नाही म्हणालो असतो, तर तुम्ही तसेच सायकल घेऊन वरकुट्याला गेला असता. रोटाव्हेटर दुसऱ्या दिवशी लागणार होता. अख्खी एक दुपार हातात होती.

तिसऱ्या दिवशी शिंगरू दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागं, साखळीला बांधून आलं. मालकानं हार तसाच ठेवून बागेत दिवसभर रोटाव्हेटर मारला होता. उष्णतेचा काटा त्या ट्रॅक्टरला आपल्याकडे यायच्या आधीपासूनच नव्हता. पाणी उकळून उडालं, हेडखालचं गॅस्केट जळालं, हेड वाकलं. येताना पुढं नुसता दोरा लोंबत होता, त्याला चार पाकळ्या. मालक चहाला गेला. तुम्ही रेडिएटर सोडवून मांडीवर घेतलात आणि तार घालून जाळीतून एकेक काळी, शिजलेली पाकळी काढायला लागलात. माझ्याकडं न बघता विचारलंत, "हार काढला हुतास न्हवं?" मी दुसऱ्यांदा म्हणालो, "व्हय." तुम्ही मान हलवलीत, जसं कुणी वेळ विचारल्यावर हलवतात. तेवढ्यात मालक आला. तुम्ही त्या पाकळ्या मुठीत गोळा करून सदऱ्याच्या खिशात टाकल्यात.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमच्या हातनं असं कसं झालं? आख्ख्या तालुक्यात तुमचं नाव हाय."

"रेडिएटर साफ करायचा ऱ्हायला माझ्याकडनं. नजर कमी आलीया आताशा."

"मग चष्मा लावा की. का आमच्या इंजिनावर शिकताय नव्यानं?"

तुम्ही हसलात. मी पाने पुसत होतो, आधीच पुसलेले.

गॅस्केट बाजारात मिळण्यासारखं नव्हतंच. तुम्ही तांबटाकडनं तांब्याचा पत्रा आणलात, हेडवर ठेवून लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकत आकार उठवलात आणि भोकं पाडलीत. मोजपट्टी घेतली नाही. नजर गेलेला माणूस, आणि एकही भोक केसभर इकडंतिकडं नाही. मग पत्रा तापवून लाल केलात, पाण्यात बुडवलात. चर्रकन आवाज आला. "आता मऊ पडला," म्हणालात. "तांबं बरं असतंय. कितीबी कडक झालं तरी पुन्हा तापवलं की मऊ पडतंय." काम संपल्यावर ती लाकडी हातोडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ठेव. हितनं पुढं तूच ठोक." मी ती शाबासकी समजून घेतली. घ्यायला नको होती.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही रोज बघत होतात. लोक शेडमध्ये यायचे, तुम्हाला रामराम करायचे आणि मला बाजूला घेऊन म्हणायचे, "म्हाताऱ्याला नगं दाखवू, तूच बघ." तुम्ही हळूहळू फक्त पाती घासायला बसलात. रोटाव्हेटरची पाती घासायला नजर लागत नाही, असं लोकांना वाटायचं. मी तेव्हा एकदा तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. पण माझ्या हाताला नाव मिळत होतं, आणि ते तुमच्याच नावातून कातरून मिळतंय हे मला दिसत होतं. तुम्ही गेलात तेव्हा खांदा दिला, दहाव्याला गेलो, तरीही बोललो नाही. पूजा मी रोज करतो, आबा. हात जोडले की पहिल्यांदा तो दोरा दिसतो.

परवा हेड उचललं. तुमचं गॅस्केट निघालं, काळं पडलेलं, पण अख्खं. मी ते घासलं, लाल होईपर्यंत तापवलं, पाण्यात बुडवलं. तोच आवाज. मालकाचा मुलगा शेजारी उभा होता.

"नवं न्हाय टाकायचं का, काका?"

"याच्याहून चांगलं मिळणार नाही."

"केलं कुणी हे?"

"आमच्या आबांनी."

"म्हंजी ते नजर गेलेले? आमचे वडील लय सांगायचे त्यांचं. ह्याच ट्रॅक्टरचं इंजिन घालवलं हुतं म्हणं."

मी म्हणालो, "नजर चांगली होती त्यांची." त्यानं पुढं काहीतरी ऐकायला माझ्याकडं बघितलं. मी टॉर्क पाना शोधायला वळलो. पाना माझ्या समोरच होता.

इंजिन आज दुपारी चालू झालं. तासभर चालवून बघितलं, कुठं गळत नाही. उद्या सकाळी तो न्यायला येणार आहे. हे सगळं मी इतकं सविस्तर तुम्हाला लिहिलं खरं, पण आता वाचताना कळतंय की यात धाडस काहीच नाही. तुमच्या खिशात पाकळ्या होत्या. तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट मी तुम्हाला सांगतोय. ज्याला ठाऊक नाही तो उद्या दहा वाजता येईल, आणि त्याला काय सांगायचं ते एवढी पानं लिहूनही माझ्या तोंडात बसलेलं नाही.