झाकलेला आकडा कोणी उघडावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बावन्न, धंदा टकरींतून उडालेले कण मोजणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. शल्यचिकित्सक निश्चिंत आहेत. मी मोजमापवाली, चुकीला थोडी जागा ठेवतेच. बुद्धी शाबूत आहे. यजमानांचे मत वेगळे असल्यास त्यांनी ते वेगळ्या कागदावर नोंदवावे.

कलम १. राहते घर यजमानांना. ते त्यांनीच चालवले. मी पाळीवरून येऊन तिथे आयते जेवले. त्यांनी हे एकदाही ऐकवले नाही. कृतज्ञता लेखी देते, कारण तोंडावर सांगितली की ते विषय बदलतात.

कलम २. बँकेतील ठेवी लेकीला. बाबांचा संस्कृत कोश धाकट्या बहिणीला. लहानपणी तिच्या वाटणीची धातुरूपेही मीच म्हटली. आता तिची पाळी.

कलम ३. माझी खिडकीजवळची खुर्ची गटप्रमुखांना. तिच्यावर त्यांचा डोळा फार दिवसांपासून आहे. बसा आता.

कलम ४. आमच्या प्रयोगात जड अणुकेंद्रके एकमेकांवर आदळतात. त्यातून किती प्रोटॉन आणि किती प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनांचे उलट भाराचे जुळे भाऊ) निघाले, हे मी मोजते. प्रतिप्रोटॉन सगळेच टकरीत नव्याने जन्मलेले. प्रोटॉनांत आदळणाऱ्यांचे जुनेही मिसळलेले. म्हणून दोघांचे गुणोत्तर मोलाचे: नवे किती, जुने किती, ते त्यावरून कळते. आमच्या रिवाजाने ते झाकलेले असते: संगणक त्यात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतो, म्हणजे मोजणाऱ्याला हवे ते उत्तर काढण्याचा मोह होत नाही. सगळ्या दुरुस्त्या संपल्या की मोजणाऱ्यानेच झाकण उघडायचे. एकदा उघडले की पुन्हा झाकता येत नाही.

उघडण्याचा हा हक्क मी माझ्या सहकाऱ्याला देत आहे, ज्याला सगळा गट शंकेखोर म्हणतो. गटप्रमुखांना परिषदेआधी उघडायची घाई आहे, म्हणून हे कलम.

वकीलबाईंनी विचारले, "ताई, ही मालमत्ता स्थावर की जंगम?"

"झाकलेली."

"किंमत काय लावू?"

"उघडल्याशिवाय कसं सांगणार?"

"अहो, हे कायद्यात बसत नाही."

"मग कडेला बसवा."

शंकेखोरच का? पहिल्या मोजणीत मंद गतीचे प्रोटॉन इतके निघाले की आम्ही टाळ्या वाजवल्या. हा मागून म्हणाला, "पाहुणे मोजताय की दाराची चौकट?" अणुकेंद्रकांचा झोत ज्या नळीतून जातो, तिच्याच धातूतून टकरीचे कण प्रोटॉन उडवत होते, आणि आम्ही त्यांना टकरीची अपत्ये समजून बसलो होतो. मी कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण तो गप्प बसता तर तो आकडा माझ्या नावाने छापला गेला असता. आभार राहून गेले होते, ते इथे मानते.

त्याची एक शंका अजून शिल्लक आहे. काही प्रतिप्रोटॉन मोजले जाण्याआधीच यंत्राच्या भिंतीत नष्ट होतात. परवा तपासणीला सोबत आला, तर रुग्णालयाच्या बाकावरही तेच. "वाटेत गेलेले किती, हे नीट धरलंयस ना?"

"अरे, सोमवारी माझी छाती उघडतायत!"

"म्हणून तर आज विचारतोय," म्हणाला, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छ होता.

तेव्हा त्याचे समाधान होईपर्यंत कोणीही झाकणाला हात लावू नये, परिषद बुडाली तरी चालेल. मी परतले तर हे कलम रद्द; आम्ही दोघे मिळून उघडू. न परतले, तर त्याने एकट्याने उघडावे, आकडा मोठ्याने वाचावा, आणि मी शेजारी बसले आहे असे समजून लगेच त्यावर शंका घ्यावी.

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार
सही: कण मोजणारी

साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्य बाई
२. प्रयोगशाळेतली वायूची यंत्रे सांभाळणारे काका
(शंकेखोर लाभार्थी असल्याने साक्षीला चालत नाही. शिवाय "बुद्धी शाबूत" या शब्दांवर त्याने पुरावा मागितला असता.)